पांढरबोडीवरची चार मिनिटे

बुधवार, १७ डिसेंबर २०४२. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी पांढरबोडीच्या पाळीवरल्या पेटीचा हिरवा दिवा विझला. त्या वेळी यशोधरा मेश्राम एकसष्टाव्या ओळीवर होत्या. एकूण ओळी एकशे अठ्ठ्याहत्तर.

त्यांनी फोनवर अंगठा फिरवला. बासष्टावी ओळ आली नाही. पुन्हा फिरवला. समोर धुके इतके दाट होते, की पाणी कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नव्हते. मागे इंदल राऊत थर्मासचे झाकण उघडत होते.

"झालं का जी वाचून?"

"गेली."

"कोन गेली?"

"फेरी. मधेच निघून गेली."

"अशी कशी जाईन? मानूस उभा असला का थांबते ना ते."

"थांबते," यशोधराबाई म्हणाल्या. मग फोनकडे पाहत, "म्हणजे, मला तसं वाटत होतं."

इंदलभाऊंनी चहा ओतायचा थांबवला. सहासष्ट वर्षांचा हा मोटार वायंडिंगचा कारागीर एरवी कशाचीही थट्टा करी. या वेळी केली नाही. 'वाटत होतं' हे शब्द त्यांनी या बाईंच्या तोंडून बारा वर्षांत ऐकले नव्हते.

*

भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांच्या सीमेवर जुने तलाव शेकड्यांनी आहेत. लहान तलावाला बोडी म्हणतात आणि तलावाच्या मातीच्या बांधाला पाळ. २०३० मध्ये एका योजनेत इथल्या पाळींवर पाण्याची पातळी मोजणाऱ्या दोनशे चौदा पेट्या बसवल्या गेल्या. तीन वर्षांनी योजना बंद पडली. पेट्या तिथेच राहिल्या.

पेटी तळहाताएवढी. वर सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी, पुढे एक हिरवा दिवा, आत एक रेडिओ. हा रेडिओ फार हळू बोलतो, पण सहा-सात किलोमीटरवरच्या दुसऱ्या पेटीला त्याचे ऐकू जाते. पेटीची स्मरणशक्ती इतकी तोकडी, की फोनवरचा एक फोटोसुद्धा तिच्यात मावत नाही. वीज वाचवण्यासाठी ती बहुतेक वेळ झोपलेली असते. ठरल्या वेळी जागी होते, शेजारणीशी बोलते, पुन्हा झोपते.

वीज मंडळातले लाइनमन देवानंद कापगते यांनी एका पेटीत झालेले गांधीलमाश्यांचे पोळे काढताना ती उघडली आणि पुन्हा बंद करायच्या आत तिच्या नादाला लागले. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या यशोधरा मेश्राम, इंदलभाऊ, पडोळे सर आणि आणखी तिघे त्यांना मिळाले. या सातजणांचे पाळ मंडळ झाले. त्यांनी पेट्यांसाठी साध्या मराठी शब्दांची एक आज्ञाभाषा रचली आणि तिच्यात छोटे छोटे प्रोग्राम लिहायला सुरुवात केली. त्यातून कसलाही फायदा नव्हता. एक प्रोग्राम बगळे मोजल्याचे सोंग करी. एक शिंगाडे काढणाऱ्या ढीवरांना पाणी किती गार आहे ते दिव्याच्या उघडझापीने सांगे. कोणताही प्रोग्राम एका जागी राहत नसे. पेट्या तो एकमेकींना देत राहत.

दोनशे चौदा पेट्यांत मिळून जागा तीनेकशे प्रोग्रामांची. त्यामुळे विसरणे आवश्यक होते. नियम असा झाला: चाळीस दिवस जो प्रोग्राम कोणी वाचणार नाही, तो सगळ्या पेट्यांतून पुसला जाईल. वाचायचे म्हणजे पाळीवर जाऊन, पेटीपासून वीस पावलांच्या आत उभे राहून, फोनवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग आपल्या नजरेला काय आले ते एका ओळीत लिहायचे. या ओळीला वाचनखूण म्हणत. खूण झाली की चाळीस दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू. लिहिणारा गेला तरी वाचणारा असेपर्यंत प्रोग्राम राहतो, असा त्याचा अर्थ होता.

देवानंदभाऊंनी २०३४ मध्ये 'फेरी' लिहिली. फेरी काहीच करत नाही. ती एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर जाते, तिथला हिरवा दिवा लावते, कोणी जवळ उभे असेल तर थांबते, किती माणसे थांबली ते मनात ठेवते आणि पुढे जाते. एकोणीस दिवसांत दोनशे चौदा पाळी फिरून ती परत येते. पांढरबोडीवर येण्याची तिची वेळ सकाळी सहा अठ्ठेचाळीसची.

नोव्हेंबर २०३६ मध्ये देवानंदभाऊ गेले. शेवटच्या महिन्यात दवाखान्यातल्या खाटेवर बसून त्यांनी फेरीच्या शेवटच्या चोवीस ओळी बदलल्या होत्या. पाळ मंडळाने न बोलता एक ठरवून टाकले, की फेरी यशोधराबाईंनी वाचायची. दुसऱ्या कोणी ती उघडली नाही. सहा वर्षांत त्यांनी एकशे पंधरा वाचनखुणा केल्या.

*

गर्दीची सुरुवात एका फिल्मपासून झाली, आणि ती मोनाली कापगतेने काढली होती.

मोनाली देवानंदभाऊंची मुलगी, वय एकोणतीस. नागपुरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. वडील असताना ती कधी पाळीवर आली नव्हती. फेब्रुवारी २०४२ मध्ये ती आली, धुक्यातून एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर जाणारा हिरवा दिवा तिने फोनमध्ये टिपला आणि खाली एक ओळ लिहिली: 'माझे बाबा ड्यूटीवर आहेत.' आठ दिवसांत ती फिल्म चाळीस लाख लोकांनी पाहिली.

पहिले दोन महिने बरे गेले. गावतलावाच्या पाळीवर रविवारी मंडळ जमे, तिथे तर्री-पोह्यांचे पातेले मोठे करावे लागले. उकडलेले शिंगाडे पुरेनात. अडतीस नवी माणसे नियमित येऊ लागली. इंदलभाऊ त्यांना 'पाहुणे' म्हणत आणि पाहुण्यांकडून भांडी घासून घेत.

एप्रिलमध्ये सांगकाम्या आला. कानात घालायची ही गुंडी. तिला काय हवे ते तोंडाने सांगितले की ती प्रोग्राम लिहून देते. बाजारात तिचे नाव वेगळे होते, या भागात सांगकाम्या हेच रुळले. जूनपर्यंत पाळ मंडळाची सभासदसंख्या एकसष्ट हजार झाली. बहुतेकांनी तलाव पाहिला नव्हता. कोणीतरी पाळींवर रेडिओच्या कांड्या खोचून ठेवल्या होत्या, त्यामुळे घरबसल्या पेटीच्या वीस पावलांच्या आत असल्याचे भासवता येई. सांगकाम्या तीनशे प्रोग्राम डोळ्याचे पाते लवते तोवर वाचत असे आणि प्रत्येकाखाली खूण करत असे: 'सुंदर रचना.' 'नेटकी मांडणी.' 'खूप शिकायला मिळाले.'

परिणाम सावकाश दिसला. सगळेच सारखे वाचले जात असल्याने कोणताच प्रोग्राम पुसला जाईना. नऊ लाख प्रोग्राम पेट्यांच्या दारात जागेसाठी ताटकळत होते. वाढदिवसाच्या शुभेच्छा, क्रिकेटचा धावफलक, आणि 'धुके पडले की सांग' असे एकाच अर्थाचे नऊशे. पेट्या झोपेनाशा झाल्या. ढीवरांना पाणी किती गार आहे ते सांगणारा दिवा दिवसभर वेड्यासारखा मिचकावत राही. त्यांनी त्यावर गोणपाट टाकले.

नवखी माणसे वाईट नव्हती. बीडच्या तबस्सुम पठाण यांनी तान्ह्या मुलाच्या श्वासाच्या लयीत दिवा लावणारा प्रोग्राम सांगून करून घेतला होता. तो चांगला होता, असे यशोधराबाईंनीही मान्य केले. पण तो त्यांनी वाचायला घेतला तेव्हा त्याच्या मागे अकरा हजार रांगेत होते.

रविवारची हजेरी अशी: मे, अडतीस. जुलै, बावीस. सप्टेंबर, अकरा. नोव्हेंबर, चार. पडोळे सरांनी येणे थांबवले. "पाहुणे घरात राहायला आले, की घरमालकानं शहाण्यासारखं उठावं," एवढेच ते फोनवर म्हणाले.

*

३० नोव्हेंबरच्या रविवारी, पहिल्या सातांपैकी उरलेल्या त्या चौघांनी मोनालीला गावतलावावर बोलावले.

पेट्यांना मालक नाही. नवा नियम त्या स्वीकारतात तो पहिल्या सातजणांच्या सात किल्ल्यांपैकी पाच एकत्र आल्या तरच. आणि एकदा स्वीकारला की नव्वद दिवस दुसरा घेत नाहीत. चौघांकडे चार किल्ल्या होत्या. पडोळे सर देणार नव्हते, सातवे सभासद पुण्याला गेले तेव्हा त्यांची किल्ली घर बदलताना हरवली होती. पाचवी देवानंदभाऊंची. ती त्यांच्या लाइन टेस्टरच्या पिवळ्या मुठीत, एका धातूच्या मण्यात होती, आणि टेस्टर मोनालीच्या पर्समध्ये.

नियम यशोधराबाईंनी लिहिला होता. यापुढे पेटी पूर्ण मजकूर एकदम देणार नव्हती. एका वेळी एक ओळ, माणूस वाचतो त्या गतीने, आणि ओळीमागे ओळ सलग. गती ठरवण्यासाठी चौघांनी आपापली वेळ मोजली होती. सर्वात संथ यशोधराबाई निघाल्या, मिनिटाला सोळा ओळी. तीच गती धरली. मधे खंड पडला तर खूण धरायची नाही. जुन्या सगळ्या खुणा रद्द, सगळ्यांचे चाळीस दिवस नव्याने सुरू. नऊ लाखांतले जेवढे माणसांनी पाळीवर येऊन वाचले तेवढेच उरतील.

"म्हणजे माझ्यासारख्यांना हाकलायचं," मोनाली म्हणाली.

"हाकलत नाही कोणी," इंदलभाऊ म्हणाले. "वाचा म्हन्तो. डोये हायत ना तुमाले? लोकाईचे तपासता, मंग आपलेबी वापरा."

ती हसली. टेस्टर हातात फिरवत राहिली. मग यशोधराबाईंकडे वळली.

"मावशी, एक विचारू? बाबांच्या फेरीला काही होणार नाही ना यानं?"

"नाही. माणूस जवळ असलं की फेरी थांबते. बाराव्या ओळीत लिहिलेलं आहे."

"आणि तुम्ही ती पूर्ण वाचलेली आहे."

"दर खेपेला खूण करते मी. तू पाहिल्या आहेत ना?"

"पाहिल्या. एकशे पंधरा." मोनालीने मुठीचा आटा फिरवून मणी काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "मग घ्या."

शुक्रवार, ५ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता नियम लागू झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेट्यांचे मिचकावणे बंद झाले. ढीवरांनी गोणपाट काढून घेतले.

बारा दिवसांनी पांढरबोडीवर दिवा विझला.

*

१७ डिसेंबरच्या दुपारी यशोधराबाई एसटीने नागपूरला गेल्या. दुकानात गर्दी नव्हती. मोनालीने त्यांना तपासणीच्या उंच खुर्चीत बसवले आणि समोरच्या अक्षरांच्या पाटीचा दिवा लावला.

"बरं झालं आलात. कधीची म्हणत होते मी, नंबर वाढला असेल. खालून दुसरी ओळ वाचा बरं."

"मोना, मी फेरी शेवटपर्यंत वाचलेली नाही."

मोनालीच्या हातात भिंग होते. ते तिने तसेच धरून ठेवले.

"कधी?"

"कधीच नाही. तुझे बाबा गेल्यापासून. एकशे चौपन्नपर्यंत वाचते आणि खूण करते. शेवटच्या चोवीस ओळी त्यांनी दवाखान्यात बदलल्या होत्या. त्या वाचल्या असत्या तर मागे काही उरलं नसतं त्यांचं, जे मी ऐकलेलं नाही. म्हणून राखून ठेवल्या."

"आणि आज?"

"आज फेरी थांबली नाही. चार मिनिटांत निघून गेली. पूर्ण वाचायला अकरा लागतात. का गेली, ते त्या चोवीस ओळींत असणार. आधी सगळा मजकूर एकदम यायचा, माझी नजर फोनवर, दिवा विझून ती गेली तरी मला कळायचं नाही. आता ओळ ओळ येते, ती गेली की वाचन तुटतं."

"नियम मागे घ्या."

"नव्वद दिवस घेता येत नाही. फेरीचे चाळीस चौदा जानेवारीला सकाळी अकराला संपतात."

"मी फोटो काढते प्रत्येक ओळीचा. नवीन टाकू."

"ओळी येतील. आठ वर्षांत कोणत्या पाळीवर किती माणसं थांबली, ते ती मनात घेऊन फिरते. ते ओळींत नाही. ते नाही येणार."

पाटीवरचा दिवा चालू होता. बाहेर कोणीतरी गॉगलची किंमत विचारून गेले.

"एकसष्ट हजार लोकांना तुम्ही बाहेर काढलंत," मोनाली सावकाश म्हणाली, "न वाचता खुणा करतात म्हणून."

"हो."

"आणि मी बाबांची किल्ली दिली तुम्हाला."

"हो."

मोनालीने खुर्चीमागच्या खणातून सांगकाम्या काढून कानात घातला आणि फेरीखालच्या सगळ्या खुणा दाखवायला सांगितले. नव्या नियमाने रद्द केल्या, तरी त्या पुसल्या गेल्या नव्हत्या. नऊ हजार तीनशे चाळीस. ती पडद्यावरून बोट सरकवत राहिली. सुंदर रचना. सुंदर रचना. हृद्य. नेटकी मांडणी. मग बोट थांबले आणि तिने फोन यशोधराबाईंसमोर धरला.

३ जून. बीड, तबस्सुम पठाण यांच्या सांगकाम्याची खूण: 'थांबण्याची मर्यादा चार मिनिटे.'

यशोधराबाईंनी ती ओळ दोनदा वाचली.

"सहा महिन्यांपासून इथेच होती," मोनाली म्हणाली.

"त्या कचऱ्यातलं मी काही वाचलं नाही."

"डोळे तपासून जा," मोनाली म्हणाली. "खालून दुसरी ओळ."

*

उपाय इंदलभाऊंना सुचला, आणि तो तलाव बांधणाऱ्यांनी कधीच करून ठेवलेला होता.

पांढरबोडी, तिच्याखाली मधली बोडी, तिच्याखाली गावतलाव. वरचे पाणी भरून वाहिले की खालच्यात जाते. तिन्ही पाळी एकमेकींना दिसतात, म्हणून त्यांच्यावरच्या एक, दोन आणि तीन क्रमांकाच्या पेट्या एकाच वेळी जाग्या होतात. दुसरीकडे एका पेटीतून पुढच्या पेटीत जायला फेरीला तास ते तीन तास लागतात, इथे लागत नाहीत. प्रत्येक पाळीवर माणूस उभा असला तर चार-चार मिनिटे धरून सहा अठ्ठेचाळीस ते सात, सलग बारा मिनिटे ती या तीन पाळींवर असते. पेटीला वाचन सलग हवे असते. वाचणारा तोच आहे का, हे ती विचारत नाही. तीन पाळींवर तीन माणसे उभी राहिली तर अकरा मिनिटांचे वाचन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देता येत होते. फेरी तिथे पुन्हा येणार ५ जानेवारीला.

"पडोळे सरांना विचारू," यशोधराबाई म्हणाल्या.

"दुसरी पाळ माझी," मोनाली म्हणाली.

"तुला वाचता येत नाही मोना. सांगकाम्या लावलास तर खूण धरणार नाही."

"एकोणीस दिवस आहेत ना? शिकवा."

मोनालीने रजा टाकली. रोज सकाळी ती इंदलभाऊंच्या दुकानात तारांच्या वेटोळ्यांमध्ये बसे आणि जुने प्रोग्राम वाची. पहिले चार दिवस तिला प्रत्येक ओळीला कानात कोणीतरी काही सांगेल असे वाटत राही. तिचा हात आपोआप कानाकडे जाई.

"कानात काय शोधते वं?" इंदलभाऊ विचारत. "मळ हाय का?"

"काका, ही 'परत फिर' कुठे परत फिरते?"

"वर पाह्य ना. जिथून निंगाली तिथंच. बापाच्या घरी आल्यावानी."

सातव्या दिवसानंतर तिला एक सवय लागली. मनातल्या मनात वाचताना ओळी निसटत, म्हणून ती मोठ्याने वाचू लागली. गती मिनिटाला चौदा ओळींवर अडकली. हवी होती सोळा. यशोधराबाई घड्याळ धरून समोर बसत. दोघींमध्ये एकंदर बोलणे कमी झाले होते. पण जेवायच्या वेळेला यशोधराबाई दोन डबे आणत, आणि मोनाली दुसरा डबा खात असे.

*

सोमवार, ५ जानेवारी २०४३. धुके १७ डिसेंबरपेक्षा दाट. सहा अठ्ठेचाळीसला पांढरबोडीवरचा दिवा लागला.

इंदलभाऊंनी चार मिनिटांत चौसष्ट ओळी वाचल्या, आणि दिवा विझताच पाळीवरून आरोळी दिली, "सोडली ओ!"

मधल्या बोडीवर दिवा लागला. मोनालीने पासष्टावी ओळ मोठ्याने वाचली. यशोधराबाई साडेतीनशे मीटर खाली, गावतलावाच्या पाळीवर उभ्या होत्या. त्यांना मधली बोडी दिसत नव्हती, मोनाली दिसत नव्हती. पण धुक्यात पाण्यावरून आवाज येत होता, एकेक शब्द सुटा. पाणी बघ. दिवा लाव. मोज. मनात ठेव. या ओळी त्यांना पाठ होत्या. दुसऱ्या कोणाच्या आवाजात त्यांनी त्या पहिल्यांदाच ऐकल्या. मधे एक बगळा पाण्यावरून गेला, तो फक्त पंखांच्या आवाजावरून कळला.

एकशे एकविसाव्या ओळीवर आवाज थांबला. "मावशी, सोडली!"

सहा छप्पन्न. यशोधराबाईंसमोरचा दिवा लागला. सत्तावन्न ओळी उरल्या होत्या. त्यांच्या गतीने तीन मिनिटे चौतीस सेकंद. खूण लिहायला सव्वीस सेकंद शिल्लक.

एकशे चौपन्नावर त्या थांबल्या नाहीत. पुढच्या सोळा ओळी साध्या होत्या: कोणत्या पेटीने वाटेत दगा दिला तर कोणत्या वाटेने जायचे, लाइनमनला सुचेल तसे. मग:

ओळ १७१: थांबणे चार मिनिटांहून जास्त नको.

ओळ १७२: टीप. पुढच्या पाळीवर कोणी वाट पाहत असेल.

पेटीतली नोंद सांगते की एकशे बहात्तराव्या ओळीवर वाचन एकोणीस सेकंद थांबलेले होते. एवढ्या खंडाने वाचन तुटत नाही. मग उरलेल्या सहा ओळी वाचल्या गेल्या. शेवटची ओळ सहा एकोणसाठ मिनिटे त्रेपन्न सेकंदांनी.

सात वाजता दिवा विझला. यशोधराबाईंची खूण सात वाजून अकरा सेकंदांनी पेटीत गेली. 'थांबण्याची मर्यादा चार मिनिटे. कारण दिलेले आहे.'

मोनाली पाळीवरून धावत आली तेव्हा त्या फोन बंद करून उभ्या होत्या.

"झाली?"

"झाली. पण ती निघून गेल्यावर."

"किती?"

"अकरा सेकंद."

मोनालीने त्यांच्याकडे पाहिले. "काय लिहिलंय तिथं?"

यशोधराबाईंनी तिला ओळ सांगितली. मोनाली पाळीच्या दगडावर बसली. इंदलभाऊ थर्मास घेऊन धुक्यातून आले आणि त्यांनी तीन पेले भरले.

*

खूण वाया गेलेली नव्हती. खूण एरवी प्रोग्रामबरोबरच प्रवास करते. मागे राहिली तर पेट्यांना विचारत त्याच्या पाठोपाठ जाते आणि गाठते. पूर्वीच्या रिकाम्या पेट्यांत याला तास लागला असता. आता नऊ लाख प्रोग्रामांच्या मुदती एकाच दिवशी संपत आल्या होत्या, आणि आपले प्रोग्राम वाचवायला लोक पाळींवर यायला लागले होते. पेट्या वाचणाऱ्यांना ओळी देण्यात गुंतलेल्या असत. खुणेला प्रत्येक पेटीवर रांगेत उभे राहावे लागत होते.

मोनालीने ५ तारखेच्या दुपारीच सगळे जसे घडले तसे लिहून प्रसिद्ध केले, यशोधराबाईंच्या एकशे पंधरा खुणांसह. तसे कर, असे बाईंनीच सांगितले होते. त्यावर खूप लोक रागावले. चार दिवसांत सभासदसंख्या एकसष्ट हजारांवरून तेवीसशेवर आली. उरलेल्या तेवीसशेंपैकी काहीशे मात्र तलावांच्या वाटा विचारत आले आणि फेरी कुठे दिसली, खूण कुठवर पोहोचली, हे वेळेसकट कळवू लागले. ८ जानेवारीला फेरी आणि खूण यांच्यात सात पेट्यांचे अंतर होते. ११ ला चार. १३ ला दोन. रविवारी गावतलावावर सोळा माणसे होती. पडोळे सर आले नाहीत.

१४ जानेवारीला सकाळी आठ चाळीसला फेरी एकशे तीन क्रमांकाच्या पेटीवर दिसली. कळवणारा वर्ध्याचा एक निवृत्त पोस्टमन. तिथेच नऊ पंचवीसला त्याने खूण आल्याचे कळवले. अंतर एका पेटीचे झाले होते.

एकशे चार क्रमांकाची पेटी जंगलातल्या तलावाच्या पाळीवर आहे. वाघाच्या वावरामुळे तिथे पायी जायला मनाई आहे. फेरी तिथे असताना खुणेने तिला गाठले की नाही, हे पाहायला कोणी नव्हते. गाठले असेल तर ती पुढे एकशे पाचवर दिसेल. नसेल, तर अकरा वाजता ती सगळ्या पेट्यांतून पुसली गेली असेल.

एकशे पाचच्या पाळीवर यशोधरा मेश्राम आणि मोनाली कापगते नऊपासून उभ्या होत्या. बीडहून तबस्सुम पठाण आल्या होत्या, मूल कडेवर घेऊन. इथे दिव्याची नेहमीची वेळ दहा अठ्ठेचाळीस. धुके सकाळभर राहिले की पेट्यांना ऊन मिळत नाही, त्या उशिरा जाग्या होतात. तासाभराचा उशीर यापूर्वी नोंदलेला आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत दिवा लागलेला नव्हता. पाण्यावर अजून धुके होते.